कुठंच नाही, जरा सायकलवर!

आमच्या पेठ वडगावात घराबाहेर पाऊल टाकलं की पहिल्या दहा पावलांतच एक प्रश्न ठरलेला, ‘‘काय गं, कुठं चाललीस?’’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं हं. ‘जेवलीस का’ म्हणावं तशीच ही आपल्याकडची विचारपूस. त्याची उत्तरंही ठरलेली. ‘दळण आणायला’, ‘भाजीला’, ‘देवळात’, ‘पोराला शिकवणीवरून आणायला’, ‘डेअरीत दूध घालायला’. उत्तर मिळालं की विचारणारी खूश आणि आपण मोकळ्या. पण मैत्रिणींनो, एकदा ‘कुठंच नाही, सहज’ असं उत्तर देऊन बघा. समोरचीचा चेहरा असा काही होतो की विचारू नका! घरात भांडण झालंय की काय, इथपर्यंत तिचं मन धावून येतं.

पुरुषांचं तसं नाही. संध्याकाळी चौकात, पानपट्टीपुढं, देवळाच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर चार चार जण उभे असतात. त्यांना कुणी विचारत नाही की बाबा, तुझं इथं काम काय? काम नसतानाही बाहेर असणं हा त्यांचा हक्कच. आपल्याला मात्र बाहेर पडायला पिशवी लागते, डबा लागतो, नाहीतर एखादं मूल तरी हाताशी लागतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांच्या फिरण्याचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. ‘उगाच का भटकावं?’ असा त्या नावाचा अर्थ. मुंबईसारख्या शहरातसुद्धा बाई रस्त्यावर दिसते ती काहीतरी कामानं. निवांत, विनाकारण थांबलेली बाई शोधून सापडत नाही, असं त्यांना दिसलं. मुंबईत ही गत, तर आपल्या वडगावचं काय सांगायचं!

मी गेली तीन वर्षं संध्याकाळी सायकल चालवते. कामासाठी नाही. कामाला स्कूटी आहे. एका पतसंस्थेत मी नोकरी करते, साडेपाचला सुटते. घरी येऊन चहा घेते, आणि मग अर्धा-पाऊण तास सायकल. त्या वेळात मी भाजी घेत नाही, बिलं भरत नाही, कुणाला निरोप पोचवत नाही. नुसती चालवते. हे सांगायला एवढं सोपं वाटतं, पण त्या अर्ध्या तासानं मला आणि आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघींना जे दिलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

सायकल माझी नव्हेच. ती लेकीची. आठवीत घेतलेली लेडीज सायकल, पुढं जाळीची बास्केट. दहावीनंतर ती स्कूटीवर बसली, मग इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि सायकल जिन्याखाली गेली. त्यावर जुनी पोती, झाडू, गणपतीच्या आराशीचं खोकं. एका दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर निघाली. आमचे हे म्हणाले, भंगारवाल्याला देऊन टाकू. मी म्हटलं, थांबा जरा. आणि ढकलत ढकलत सायकलच्या दुकानात घेऊन गेले. दोन्ही ट्यूब नव्या, मागचा टायर नवा, ब्रेकचे रबर, चेनला ऑइल, एक घंटी. सगळे मिळून साडेआठशे रुपये झाले. दुकानदार म्हणाला, ‘‘वहिनी, कुणाला देताय?’’ मी म्हटलं, ‘‘कुणाला नाही, मलाच.’’ त्यानं मान वर करून एकदा बघितलं आणि काही न बोलता सीट दोन बोटं वर करून दिली.

तशी मी सायकलची नवखी नव्हे. माझं माहेर इथनं जवळच्याच एका खेड्यात. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून वडगावला यायचं. वडिलांची काळी, उंच, दांडीची सायकल होती. दांडीखालनं पाय घालून अर्धं पायडल मारत मारत मी शिकले. गुडघे फुटले, परकर चेनमध्ये अडकून फाटले, पण शिकले. मग तीन वर्षं, पाऊस असो, ऊन असो, त्याच सायकलवरून शाळा. उसाच्या फडांमधनं जाणारा तो रस्ता, दप्तर मागं कॅरिअरला, आणि उतार लागला की दोन्ही पाय पायडलवरनं उचलून घ्यायचे! दहावी झाली. कॉलेजला एसटीचा पास निघाला. सायकल धाकट्या भावाकडं गेली. मग लग्न झालं. त्यानंतर सव्वीस वर्षं मी सायकलला हात लावला नाही.

यात मला कुणी अडवलं का? खरं सांगू, कुणीच नाही. सासरी कुणी ‘सायकल चालवायची नाही’ असं म्हटलं नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. तशी वेळच आली नाही. आपल्या कितीतरी गोष्टी अशाच जातात बघा. कुणी हिसकावून घेत नाही. पोहणं, पतंग, झाडावर चढणं, मोठ्यानं गाणं म्हणणं... शेवटचं कधी केलं तेसुद्धा आठवत नाही. त्या गोष्टीचं काही ‘काम’ उरत नाही, म्हणून ती सुटते, एवढंच.

पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या प्रश्नांनी मात्र धमाल आणली. ‘‘स्कूटी बिघडली काय?’’ ‘‘विकली काय?’’ ‘‘साहेबांनी पेट्रोल बंद केलं वाटतं!’’ आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, ‘‘डॉक्टरनी सांगितलंय काय?’’ या शेवटच्या प्रश्नात गंमत आहे. ज्या दिवशी मी हसून नुसतं ‘हं’ म्हटलं, त्या दिवशी समोरच्या काकूंचा चेहरा एकदम निवळला. ‘‘मग बरोबर हाय. शुगर असली की चालवायलाच पाहिजे बाई.’’ झालं! परवानगी मिळाली.

मी त्या रात्री बराच वेळ विचार करत होते. मला शुगर नाही. बीपी नाही. पण बाईनं आजारासाठी बाहेर पडलं तर चालतं, आनंदासाठी पडलं तर चालत नाही, हे कुठलं गणित? सकाळी फिरायला जाणाऱ्या आपल्या कितीतरी मैत्रिणी आहेत. त्यांना विचारा, पहिलं वाक्य येतं, ‘वजन वाढलंय ना.’ पहाटेचा वारा अंगावर घ्यायला आवडतं, असं सांगायची आपल्याला चोरी वाटते. दुसऱ्या दिवशी काकू परत भेटल्या, तेव्हा मी थांबून सांगितलं, ‘‘काकू, मला काही झालेलं नाही. मला आवडतं म्हणून चालवते.’’ त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘आवडतं म्हणून?... बरं बरं. सावकाश जा.’’

बाहेरच्यांचं ठीक, घरातला प्रश्न मोठा होता. तो होता वेळेचा. संध्याकाळ म्हणजे दिवेलागण. तिन्हीसांजेला घरातल्या बाईनं घरात असावं, देवापाशी दिवा लावावा, दार उघडं ठेवावं, लक्ष्मी यायची वेळ असते, हे आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. वय शहात्तर. गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलंय. अंगण ते सोपा, एवढाच त्यांचा आता फेरा. चार दिवस त्या काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, ‘‘दिव्याच्या येळंला घरची बाई भाईर... बरं दिसतंय का गं?’’ मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्या श्रद्धेची चेष्टा करावी असंही कधी वाटलं नाही. एवढंच म्हटलं, ‘‘आत्ती, दिवसभरात हीच वेळ तेवढी माझ्या वाट्याला येते. सकाळी डबे, दिवसा नोकरी, आठनंतर परत स्वयंपाक. मधला हा अर्धा तास आहे बघा.’’

त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी चपला घालत होते, तर आतनं हाक आली. ‘‘तळ्याकडनं जातीस काय?’’ म्हटलं, जाते की. ‘‘पाणी किती हाय बघून ये. आणि दिवा मी लावतो, तू ये जाऊन.’’ (आमच्या कोल्हापूरकडच्या बायका ‘लावतो’, ‘जातो’च म्हणतात, हे बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगून ठेवते!) तेव्हापासून आमच्या घरात दिवा आत्तीच लावतात. आणि मी परत आले की त्यांना सगळा वृत्तांत द्यावा लागतो. महालक्ष्मी तलावात पाणी कुठवर आलंय, कुणाच्या फडाला तोड आली, कुणाच्या घरावर दुसरा मजला चढतोय, भाजीला काय भाव होता. विनाकारण फिरायला निघालेल्या मला त्यांनी शेवटी कामाला लावलंच! पण त्यांचे डोळे त्या वेळी असे चमकतात की ते काम मला जड वाटत नाही. तीन वर्षांपासून गाव बघायला न मिळालेल्या बाईला मी रोज थोडं थोडं गाव आणून देते.

आणि गावही संध्याकाळचं वेगळंच दिसतं हो. स्कूटीवरून जाताना आपण गाव बघतच नाही, नुसती समोरची गाडी बघतो. चालत गेलं तर लांब जाता येत नाही, आणि दर चार घरांमागं थांबून बोलावं लागतं. सायकलचा वेग मधला. ओळखीचं कोणी दिसलं तर मान हलवता येते, घंटी वाजवता येते, पण थांबलंच पाहिजे असं नाही. बाजारपेठेत पालेभाजीवाल्या उरलेल्या जुड्यांवर पाणी मारत असतात. डेअरीपुढं किटल्या घेऊन रांग लागलेली असते. देवळातली घंटा आणि मशिदीतली अजान एकमेकींच्या मागोमाग ऐकू येतात. गल्ल्या संपल्या की दोन्ही बाजूंना ऊस. हंगामात गुऱ्हाळाच्या बाजूनं वारा आला की काकवीचा तो गोड वास नाकात जातो आणि घरी जाऊन गूळ-शेंगदाणे खावेसे वाटतात!

वाटेत सेनापती धनाजी जाधवांची समाधी. १७०८ मध्ये आमच्या वडगावी त्यांचं निधन झालं. घोड्याच्या पाठीवर आयुष्य काढलेला माणूस. मोगलांचे घोडे पाणी पिईनात, कारण त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकलेली. त्या समाधीवरून पुढं जाताना माझ्या सायकलचं मलाच हसू येतं. पण खोगिरावर बसल्यावर अंगात जी ताठ हिंमत येत असेल, तिचा एक छोटा तुकडा सीटवर बसल्यावर मिळतो, असं मला वाटतं. तुम्ही हसा हवं तर.

हे काही माझ्या एकटीच्या मनातलं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत बायका सायकलवर बसू लागल्या, तेव्हा तिथं केवढा गहजब झाला होता! काही डॉक्टरांनी चक्क ‘सायकल-चेहरा’ नावाचा रोग शोधून काढला. सायकल चालवणाऱ्या बाईचा चेहरा ताणून कायमचा विद्रूप होतो म्हणे. बायकांनी ऐकलं नाही. अमेरिकेत दारूबंदीची मोठी चळवळ चालवणाऱ्या फ्रान्सिस विलर्ड या बाई त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. रोज साधारण पंधरा मिनिटं सराव, असे तीन महिने लागले. सायकलचं नाव त्यांनी ‘ग्लॅडिस’ ठेवलं आणि १८९५ मध्ये या शिकण्यावर एक छोटं पुस्तकही लिहिलं. त्रेपन्न वर्षं! आपण पंचेचाळिशीतच ‘आता काय राहिलंय’ म्हणतो.

इतकं लांब कशाला, आपल्या देशातलंच बघा. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा गरीब जिल्हा. १९९१ मध्ये तिथं साक्षरतेची मोहीम निघाली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. बायकांना अक्षरओळख करून द्यायची, तर त्यांना हिंडता-फिरतासुद्धा आलं पाहिजे, म्हणून मोहिमेत सायकल शिकवणंही घातलं. शेतमजूर बायका, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीताई, नर्सबाई, शिक्षिका अशा एक लाखावर बायका सायकल शिकल्या. १९९२ च्या महिलादिनी दीड हजारावर बायकांनी सायकलींना झेंडे लावून फेरी काढली. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. त्यांचं पुस्तक मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावानं आलंय. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा तिथल्या बायकांनी बिनदिक्कत पुरुषांच्या सायकली घेतल्या. वर म्हणाल्या, हीच बरी, पुढच्या दांडीवर पोराला बसवता येतं!

आमच्या गल्लीतही एक पुदुक्कोट्टई झालं, अगदी लहानसं. शेजारची माझी मैत्रीण शिलाईकाम करते. दिवसभर मशिनवर वाकून पाठ आखडलेली. ती एकदा म्हणाली, ‘‘मला न्हाई गं येत. बापानं भावाला शिकवली, मी नुसती मागनं पळायची.’’ वय एक्केचाळीस. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही सुरू केलं. मी मागनं कॅरिअर धरायची, ती ‘सोडू नकोस, सोडू नकोस’ म्हणून ओरडायची. सहाव्या रविवारी मी हात सोडला होता आणि तिला कळलंच नाही. मैदानाच्या टोकाला जाऊन वळून बघितलं, मी लांब उभी. मग तिनं जी आरोळी ठोकली, ती क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनीही खेळ थांबवून ऐकली! त्यानंतर आणखी दोघी आल्या. आता आम्ही चौघी आहोत. रोज चौघी जमतोच असं नाही, पण दोघी तरी असतोच.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले, ते सांगते. आमच्या मागच्या गल्लीत एक मुलगी आहे, तेव्हा नववीत होती. गणितात हुशार. शिकवणी गावाच्या दुसऱ्या टोकाला, सुटायची सातला. उन्हाळ्यात ठीक होतं. दिवाळीनंतर दिवस लहान झाला. नोव्हेंबरअखेर आपल्याकडं सहाच्या सुमारालाच सूर्य मावळतो, म्हणजे सातला गडद अंधार. वाटेतला एक टप्पा तसा सुनसान. दोन-तीनदा मोटारसायकलवरची पोरं मागं लागली, काहीबाही बोलली. तिनं घरी सांगितलं. घरच्यांनी काय करावं? वडील ट्रकवर, आई गोठ्यात. त्यांनी शिकवणीच बंद केली. त्यांना वाईट म्हणवत नाही. आपण त्यांच्या जागी असतो तर आपणही कदाचित तेच केलं असतं. पण त्रास देणारी पोरं संध्याकाळी रस्त्यावरच राहिली आणि घरात बसली ती पोरगी, हे काही मनातून जाईना.

शिलाईवाल्या मैत्रिणीनंच तोड काढली. ‘‘आपण रोज भटकतोच की. सातला तिकडनंच परत येऊया.’’ आम्ही तिच्या आईला जाऊन भेटलो. आई आधी म्हणाली, ‘‘तुमाला कशाला तरास?’’ मैत्रीण म्हणाली, ‘‘तरास कसला, आमी कुठं कामाला चाललोय!’’ आम्ही निघण्याची वेळ थोडी मागं घेतली. सातला शिकवणीपुढं दोघी-तिघी सायकली घेऊन उभ्या. आठवड्याभरात त्याच बाजूच्या आणखी तीन मुली आमच्यात आल्या. सात-आठ सायकली घंट्या वाजवत निघाल्या की रस्ता कसा भरल्यासारखा वाटतो! ती मोटारसायकलवरची पोरं? एकदोनदा दिसली. मैत्रिणीनं त्यातल्या एकाला आईच्या नावानिशी ओळखलं आणि भर रस्त्यात हाक मारून आईची तब्येत विचारली. परत काही ती दिसली नाहीत. ती मुलगी दहावी झाली, गणितात तिला शंभरपैकी ब्याण्णव पडले. आता अकरावी सायन्सला आहे.

बाईला सुरक्षित वाटावं म्हणून आपण तिला रस्त्यावरून आत घेतो. पण रस्ता सुरक्षित होतो तो त्यावर बायका असल्यामुळं, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. मागं वाचलेलं मग आठवलं. बिहार सरकारनं २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. त्या वयाच्या मुलींचं हायस्कूलात नाव घालण्याचं प्रमाण बत्तीस टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगा-मुलगीतली तफावत चाळीस टक्क्यांनी कमी झाली. फरक जास्त पडला तो हायस्कूल लांब असलेल्या गावांत. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. एकाच वेळी पुष्कळ मुलींना सायकली मिळाल्यामुळं त्या घोळक्यानं जाऊ लागल्या, त्यामुळं त्यांची सुरक्षितता वाढली असावी आणि ‘मुलीनं सायकलवर जावं का’ हा प्रश्नही मागं पडला असावा. एकटी मुलगी सायकलवर दिसली की लोक बघतात. पंधरा दिसल्या की लोकांना सवय होते.

आमच्या त्या घोळक्यातल्या मुली हल्ली मोठमोठी स्वप्नं बघतात. त्यांना सांगायला माझ्याकडं उदाहरणंही जवळची आहेत. आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या इंगळीची पूजा दानोळे सायकलिंगमध्ये महाराष्ट्रासाठी ‘खेलो इंडिया’त सुवर्णपदकं घेऊन आली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, अवघ्या विशीत, सायकलवर जगाची सुमारे एकोणतीस हजार किलोमीटरची फेरी १५९ दिवसांत एकटीनं पुरी करून आली. आमच्यातली एक चिमुरडी मला म्हणाली, ‘‘काकू, आपण निदान जोतिबापर्यंत तरी जाऊया!’’ घाट चढायचा म्हटल्यावर काकूंच्या पोटात गोळा आला, पण ‘नाही’ म्हटलेलं नाही अजून.

तुम्हालाही सुरुवात करावीशी वाटली, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. सायकल घरात पडलेली असेल तर नवी घेऊ नका, आधी तीच दुरुस्त करा. ब्रेक दोन्ही नीट लागतात ना, ते पहिलं बघा. सीटची उंची अशी ठेवा की पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि मग आपण सायकलला दोष देतो. गुडघ्याचं दुखणं किंवा हृदयाचा त्रास आधीचाच असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच बसा. चेनवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी असू द्या. पंजाबी ड्रेस घालणार असाल तर ओढणी मागं गाठ मारून, साडी नेसणार असाल तर पदर खोचून. पदर चाकात जाणं ही थट्टा नव्हे.

अंधार पडणार असेल तर पुढं पांढरा दिवा, मागं लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर हवाच. उसाचा हंगाम सुरू झाला की मोठा रस्ता टाळा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यावरची मोठ्या आवाजातली गाणी, मागं दिवा असेलच असं नाही. आपली घंटी त्यांना ऐकू जात नाही. तेव्हा गल्लीतूनच दोन फेऱ्या जास्त मारा. कुत्रं मागं लागलं तर जोरात पळवायच्या नादी लागू नका. वेग कमी करा, नाहीतर उतरून सायकल मध्ये घेऊन चाला, बहुतेक वेळा ते गप्प होतं. मोबाइल बास्केटमध्ये नको, खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवा. वाजला तरी थांबल्याशिवाय घ्यायचा नाही. आणि पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं पुरे. मोठ्या माणसानं आठवड्याला किमान दीडशे मिनिटं दम थोडा वाढेल असा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास, असे पाच दिवस धरले की तेवढं भरतं. म्हणजे तब्येतीचा फायदा आहेच, तो मी नाकारत नाही. फक्त तो मागच्या कॅरिअरवर बसू दे. हँडल आनंदाच्या हातात राहू दे.

परवा हवा भरायला गेले तर दुकानदार म्हणाला, ‘‘वहिनी, या महिन्यात तीन लेडीज सायकली आल्या बघा दुरुस्तीला. तिन्ही जिन्याखालच्या.’’ कुणाच्या ते मी विचारलं नाही. रस्त्यावर भेटतीलच. तुमच्या जिन्याखाली, गोठ्यात, माळ्यावर काय पडलंय, ते एकदा बघा तरी. पोतं बाजूला करा, चाक हातानं फिरवून बघा. फिरलं तर फिरलं. नाही फिरलं, तर ट्यूब बदलून मिळते, आणि दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं.